एक रमतगमत चालणारा शब्द

बालमित्रांनो,

आज शाळेत कसे गेलात, सांगा बघू. "चालत गेलो," एवढंच उत्तर चालणार नाही हं! तरातरा गेलात की तुरुतुरु? घंटा होत आली म्हणून झपाझप गेलात, की गृहपाठ झाला नव्हता म्हणून पाय ओढत ओढत? की वाटेत चिंचेखाली थांबून, दोन गाभुळलेल्या चिंचा खिशात टाकून, कुत्र्याच्या पिल्लाशी जरा गप्पा मारून, मजेत रमतगमत गेलात?

चालणं एकच, पण त्याच्या तऱ्हा किती! आज मी तुम्हाला यातल्या शेवटच्या तऱ्हेची, म्हणजे रमतगमत चालण्याची गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट एका इंग्रजी शब्दाची आहे. आणि खरं सांगू? ती माझ्या हातून झालेल्या एका चुकीचीही आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मी स्वतः मराठी शाळेतच शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची गाडी पुढे निघून गेली होती. पाचवीत आम्ही "वॉक म्हणजे चालणे" असं घोकलं, आणि पुढची कित्येक वर्षं माझ्या इंग्रजी वाक्यांतली सगळी माणसं नुसती 'वॉक' करत राहिली. राजा वॉक करायचा, चोर वॉक करायचा, म्हातारी वॉक करायची, हत्तीसुद्धा वॉकच करायचा! फार तर पुढे 'स्लोली' नाहीतर 'फास्ट' लावायचं, की झालं वाक्य.

पुढे डी.एड.ला असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक इंग्रजी शब्दकोश मिळाला. पुठ्ठा निघालेला, पण आतली पानं शाबूत. पाठांची टाचणं काढून झाली की रोज रात्री मी त्यातलं एक पान वाचायची. एके रात्री तिथे हा शब्द भेटला. सॉन्टर! स्पेलिंग एस, ए, यू, एन, टी, ई, आर. अर्थ, घाई न करता निवांत, मजेत चालणे. मला इतका आनंद झाला म्हणता! म्हणजे आपल्या 'रमतगमत चालणे'चा इंग्रज मावसभाऊच की हा!

इथे दोन भाषांमधली एक गंमत लक्षात घ्या. मराठीत आपण म्हणतो, "तो रमतगमत वर्गात आला." यात क्रियापद आहे 'आला'. कसा आला, ते 'रमतगमत' हा शब्द सांगतो. इंग्रजीत म्हणतात, "ही सॉन्टर्ड इनटू द क्लासरूम." आता यात 'रमतगमत' कुठे आहे? ते क्रियापदाच्या पोटातच आहे. मग 'आला' कुठे गेला? तो 'इनटू' या चिमुकल्या शब्दात जाऊन बसला! आपण कसं ते वेगळ्या शब्दाने सांगतो आणि जाणं-येणं क्रियापदाने. इंग्रजी बरेचदा याच्या उलट करते. हे एकदा कळलं की इंग्रजी वाक्यं करणं खूप सोपं होतं.

तर, काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. मी फळ्यावर रोज एक नवा इंग्रजी शब्द लिहायची. एके दिवशी 'सॉन्टर' लिहिला. पण त्या दिवशी तास संपत आला होता, म्हणून मी घाईघाईत सांगून टाकलं, "सॉन्टर म्हणजे सावकाश चालणे. करा वाक्यं!"

मुलांनी भराभर वाक्यं केली. "द टॉर्टॉइज सॉन्टर्स." कासव सावकाश चालतं ना, म्हणून. "माय ग्रँडफादर सॉन्टर्स विथ अ स्टिक." आजोबा काठी टेकत सावकाश चालतात, म्हणून. एका मुलीने लिहिलं, "आय सॉन्टर माय गोट." ती रोज शेळीला रानात घेऊन जायची! तेवढं एक मी दुरुस्त केलं. सॉन्टर आपलं आपण करायचं असतं, दुसऱ्याला करवता येत नाही. "आय वॉक माय डॉग" चालतं, पण "आय सॉन्टर माय गोट" नाही. "आय सॉन्टर विथ माय गोट" म्हणायचं. बाकी सगळ्या वाक्यांवर मी बरोबरची खूण केली. इथेच पहिली चूक झाली.

दुसऱ्या चुकीबद्दल सांगताना मला आजही ओशाळल्यासारखं होतं.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव मुद्दामच सांगत नाही. तो मळ्यातल्या वस्तीवर राहायचा आणि त्याला रोज उशीर व्हायचा. परिपाठ संपून पहिला तास सुरू झाला की हा दारात उभा. बरं, उशीर झाला म्हणून धावतपळत, घाबरून येईल, तर तेही नाही. शांतपणे एकेक पाऊल टाकत आत यायचा आणि जागेवर बसायचा. मला राग यायचा. सॉन्टर शिकवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो असाच आला. मी म्हटलं, "या राजे! बघा रे मुलांनो, कालचा शब्दच चालत आला. ही इज सॉन्टरिंग इनटू द क्लास!"

सगळा वर्ग खो खो हसला. मलाही वाटलं, वा, काय छान उदाहरण सापडलं! आता हा शब्द कोणी विसरणार नाही.

खरंच कोणी विसरलं नाही. त्या दिवसापासून त्याचं नावच 'सॉन्टर' पडलं. "आला बघा सॉन्टर!" "सॉन्टर, चेंडू दे इकडं!" मधल्या सुट्टीत, खिचडीच्या रांगेत, सगळीकडे तेच. तो काही बोलायचा नाही. पण हळूहळू तो मागच्या रांगेत बसायला लागला. हात वर करणं बंद झालं. पुढच्या आठवड्यात तर दोन दिवस शाळेतच आला नाही. मी मनात म्हटलं, कंटाळा करत असेल.

मग एक दिवस माझी नेहमीची एसटी चुकली. दुसऱ्या गाडीने फाट्यावर उतरले आणि उशीर झालाच होता, म्हणून मळ्यातल्या जवळच्या वाटेने निघाले. पाहते तर हा माझ्या पुढे! एका खांद्यावर दप्तर, दुसऱ्या खांद्यावर एक छोटी पिशवी, आणि हाताला धरलेली तीनेक वर्षांची बहीण. तिच्या पायात तिच्या पायांपेक्षा मोठ्या चपला. चार पावलं चालली की एक चपल निघायची. हा थांबायचा, वाकून चपल घालायचा, पुन्हा चालायला लागायचा. ओढा आला तेव्हा त्याने तिला कडेवर घेतलं, पलीकडे उतरवलं. मध्येच ती खाली बसली आणि उठेचना. तो शाळेच्या दिशेने एकदा बघायचा, तिच्याकडे एकदा बघायचा. पण तिच्यावर ओरडला नाही. मी मागेच राहिले. हाक मारायचा मला धीर झाला नाही.

अंगणवाडी आमच्या शाळेच्या आवारातच आहे. त्याने बहिणीला आत नेलं. ती रडायला लागली, तशी तिची समजूत काढत बसला. ती शांत झाल्यावर तो बाहेर आला आणि असा धूम पळाला म्हणता! सगळं मैदान एका दमात. पण वर्गाच्या दाराशी आला आणि थबकला. छाती धपापत होती. त्याने तोंडाने दोन मोठे श्वास घेतले, सदरा नीट केला, आणि शांतपणे एकेक पाऊल टाकत आत गेला.

मधल्या सुट्टीत मी त्याला जवळ बोलावलं. म्हटलं, "अरे, तू मैदानातनं एवढा पळत येतोस, मग दारात का थांबतोस?"

तो म्हणाला, "तुमीच सांगितलंया न्हवं बाई, वर्गात पळत यायचं न्हाय."

खरंच की! वर्गाच्या भिंतीवर नियमांचा तक्ता माझ्याच हाताने लिहिलेला होता. चौथा नियम, वर्गात पळत येऊ नये.

मग खाली बघत तो म्हणाला, "बाई, मी रमत न्हाय येत. आय सकाळच्याला खुरपायला जाती. बारकीचं पाय बारकं हायती, म्हनून उशीर हुतो."

मुलांनो, मी त्याला काय उत्तर देणार होते? म्हटलं, "चुकलं रे माझं." पण एवढ्याने भागणार नव्हतं. मी चूक केली होती सगळ्या वर्गासमोर. मग ती दुरुस्त एकांतात कशी करायची?

दुसऱ्या दिवशी मी त्याला आधी विचारलं, "वर्गात सांगू का?" त्याने मान हलवली. मग मी फळ्यावर वाक्य लिहिलं, "ही इज सॉन्टरिंग इनटू द क्लास." मुलांना विचारलं, "हे बरोबर की चूक?" मुलं म्हणाली, "बरोबर!" मी लाल खडू घेतला आणि त्यावर मोठी फुली मारली. वर्ग चिडीचूप झाला. मी म्हटलं, "हे वाक्य मी केलं होतं. यातलं व्याकरण बरोबर आहे, स्पेलिंग बरोबर आहे. पण वाक्य खोटं आहे." आणि मग त्यांना त्या वाटेची हकीकत सांगितली.

त्यानंतर आम्ही 'सॉन्टर' पुन्हा पहिल्यापासून शिकलो. या खेपेला मी घाई केली नाही. सॉन्टरमध्ये तीन गोष्टी असाव्या लागतात. एक, चाल संथ हवी. दोन, मनात घाई नको, काळजी नको. आणि तीन, तसं चालणं आपल्या मर्जीचं हवं. पटपट चालता येत असूनही जो मजेत सावकाश चालतो, तो सॉन्टर करतो. म्हणूनच उशिरा येऊनही कोणी बेफिकीर चालत आला, तर त्याच्याबद्दल हा शब्द थोडा टोचून बोलण्यासाठीही वापरतात. मी तसाच तर वापरला होता.

मग जुनी वाक्यं तपासायला घेतली. कासवाला पळताच येत नाही, तेव्हा ते बाद. आजोबांचं वाक्य जिने लिहिलं होतं तीच उठून म्हणाली, "बाई, आज्याचं गुडघं दुखत्यात. त्यो मजेत न्हाय चालत." आम्ही तेही खोडलं. डोक्यावर हंडा घेऊन जपून चालणारी आई? नाही. तापातून उठलेला मुलगा? नाही. हे सगळे सावकाश चालतात, पण सॉन्टर करत नाहीत. शेवटी एकाने झकास वाक्य केलं, "द कॅट सॉन्टर्ड पास्ट द डॉग." मी विचारलं, "कुत्रा बघत असताना मांजर इतकं निवांत कसं जाईल?" तो म्हणाला, "कुत्रं बांधल्यालं हाय, बाई!" मी त्याला शाबासकी दिली.

आता आपल्या मित्रासाठी कोणता शब्द? आम्ही शोधलं. 'ट्रज' म्हणजे दमून जड पावलं टाकणं. ते नको. 'वाँडर' म्हणजे वाट फुटेल तिकडे भटकणं. तेही नको. 'स्ट्रोल' म्हणजे फेरफटका, जेवणानंतरच्या शतपावलीसारखा. छे! 'ॲम्बल' म्हणजे डुलत डुलत आरामात जाणं, हा शब्द घोड्याच्या संथ चालीवरून आला. (त्याचं मूळ लॅटिन भाषेत 'चालणे' या अर्थाचं आहे, आणि ॲम्ब्युलन्सचंही मूळ तेच, बरं का! पूर्वी सैन्याबरोबर फिरणाऱ्या दवाखान्याला फ्रेंच लोक 'चालतं रुग्णालय' म्हणत.) पण तोही जमेना. शेवटी वाक्य ठरलं ते असं, "ही वॉक्ड स्लोली विथ हिज लिटल सिस्टर." झालं! ज्या 'वॉक' आणि 'स्लोली'ला मी इतकी वर्षं कंटाळले होते, तेच कामाला आले. नवा शब्द कितीही नक्षीदार असो, तो जिथे बसत नाही तिथे साधा शब्दच शोभतो.

एका मुलाने विचारलं, "बाई, मग वारकऱ्यांना सॉन्टर चालंल का?" प्रश्न मोठा छान होता. वारकरी गात, नाचत, आनंदात चालतात. पण त्यांना आषाढी एकादशीला पंढरपूर गाठायचं असतं. रोजचा मुक्काम ठरलेला असतो. तेव्हा तिथे सॉन्टर बसत नाही. पण यावरून मला एक गोष्ट आठवली. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो नावाचा एक लेखक होऊन गेला. रोज निदान चार तास रानावनात हिंडल्याशिवाय आपली तब्येत आणि मन ठीक राहत नाही, असं तो म्हणे. चालण्यावर त्याने लिहिलेला एक निबंध १८६२ साली, त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभराने छापून आला. त्यात तो म्हणतो की पूर्वी काही लोक 'आम्ही पवित्र भूमीला निघालोय' असं सांगत गावोगाव फिरत. फ्रेंच भाषेत पवित्र भूमी म्हणजे 'सँत तेर', आणि त्यावरून 'सॉन्टर' शब्द आला. अभ्यासक हे मानत नाहीत. या शब्दाचं मूळ नक्की सापडलेलं नाही. पण गोष्ट ऐकून तो मुलगा लगेच म्हणाला, "म्हंजी वारकरीच की!"

याच थोरोने १८४९ साली अन्यायी कायदा न पाळण्याबद्दल एक निबंध लिहिला होता. तो गांधीजींनी वाचला होता. आणि गांधीजींची दांडीयात्रा तुम्हाला ठाऊक आहेच. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघून, सुमारे ३८५ किलोमीटर चालून ते ५ एप्रिलला दांडीला पोचले. इंग्रजीत तिला 'सॉल्ट मार्च' म्हणतात. 'सॉल्ट सॉन्टर' म्हटलं तर कसं वाटेल? हसू येईल ना? एका क्रियापदाने सगळा इतिहासच बदलून जाईल!

आता तुम्हाला वाक्यं करायची असतील, तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. भूतकाळ 'सॉन्टर्ड', चालू काळ 'सॉन्टरिंग', आणि 'ही' किंवा 'शी' आली की 'सॉन्टर्स'. पुढे दिशा सांगणारा शब्द जोडा. नदीकाठाने असेल तर 'अलाँग द रिव्हर', मैदान ओलांडून असेल तर 'अक्रॉस द प्लेग्राउंड', दुकानावरून असेल तर 'पास्ट द शॉप'. आणि 'सॉन्टर्ड स्लोली' मात्र लिहू नका. तो पिवळा पीतांबर होईल! संथपणा सॉन्टरमध्ये आधीच आहे.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. "इतका वेळ कुठे रमत होतास?" हे आपण मुलांना किती सहज म्हणतो! ते वाक्य प्रश्नासारखं दिसतं, पण त्यात निकाल देऊन झालेला असतो. त्याऐवजी "उशीर का झाला?" असं विचारून पाहू. आणि उत्तर ऐकायला जरा थांबू. मी थांबले असते, तर एका मुलाचे बरेच दिवस वाईट गेले नसते.

तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? वस्तीच्या वाटेवरच्या एका मुलीने बारकीचा दुसरा हात धरायला सुरुवात केली. तिघं दहा मिनिटं आधी निघू लागली. तरीही कधी कधी उशीर व्हायचाच, पण आता त्याला कोणी हसत नव्हतं. टोपणनाव मात्र एका दिवसात जात नाही. कोणीतरी चुकून "ए सॉन्टर" म्हणायचं आणि मग जीभ चावायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तेही थांबलं.

थंडीत एका शनिवारी आम्ही शिवारफेरीला गेलो. बारकी त्या दिवशी आजोळी गेली होती. तो एकटाच सगळ्यांच्या मागे होता. बांधावरून चालताना कुठे बोरं वेचत होता, कुठे पाटाच्या पाण्यात काडी सोडून तिच्यामागे जात होता. "चल रे लवकर!" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

सोमवारी सगळ्यांनी शिवारफेरीवर पाच-पाच इंग्रजी वाक्यं लिहून आणली. त्याच्या वहीत एकच वाक्य होतं, "ऑन सॅटर्डे आय सॉन्टर्ड."

मी चार वाक्यं कमी म्हणून काही गुण कापले नाहीत.

तुमच्या
बाई